ओ पेशींचा रकाना

"हे वजा कोणी लिहिलं?" परकारचाचांनी विचारलं.

त्यांचं बोट माझ्या स्क्रीनवरच्या शेवटच्या रकान्यापाशी थांबलं होतं. दुसऱ्या हातात पहिलं रजिस्टर उघडं होतं. मी त्यांच्या वाचण्याची वाट पाहत होते आणि नेमकं त्याच वेळी त्यांनी चष्म्यावरून स्क्रीनकडे पाहिलं होतं.

"मी," मी म्हटलं. मग लगेच सुधारलं, "म्हणजे मी नाही. ते आपोआप येतं."

"या ओळीतलं शेवटचं चिन्ह मी अजून वाचलेलं नाही."

"हो, पण ते नेहमी वजाच असतं ना चाचा. दोन दिवस झाले, एकदाही अधिक आलं नाही. म्हणून मी तशी सोय केली. अधिक आलं तरच बदलायचं. वेळ वाचतो."

त्यांनी रजिस्टर मांडीवर ठेवलं. "मी वाचलं नाही, तू लिहिलं नाहीस, आणि इथे वजा आहे. मग ते पाहिलं कोणी?"

मला हसू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. तेवीस वर्षांची होते मी.

ही दोन हजार तेरा सालची गोष्ट. चिपळुणात एका ट्रस्टची छोटी रक्तपेढी होती. एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, तीन खोल्या, एक गॅलरी. पुण्याहून इंजिनिअरिंग करून मी घरी परतले होते आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. पेढीच्या प्रमुख डॉक्टर गांगण मॅडम माझ्या आईच्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, "समिधा, आमची सगळी रजिस्टरं संगणकावर घेऊन दे. तीन महिने पुरेत ना?" मी म्हटलं, "दोनच पुरेत."

इस्माईल परकार तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. पेढीची स्थापना झाली तेव्हापासूनचे. अंगाने किडकिडीत, पांढरी दाढी बारीक कातरलेली, कोटाच्या खिशात कायम दोन पेनं, एक निळं, एक लाल. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मॅडमसुद्धा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या मागे उभं राहून विचारलं होतं, "हे काय लिहितेस?"

मी ऐटीत सांगितलं. डेटाबेसमध्ये टेबलं आखायला पूर्वी वेगळी भाषा लागायची. आता तसं नाही. ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचा त्याच भाषेत एक क्लास, म्हणजे त्या गोष्टीचा साचा, लिहायचा. मी ‘दाता’ नावाचा क्लास लिहिला होता. त्याला नाव आहे, गाव आहे, जन्मतारीख आहे, रक्तगट आहे, असं एकाखाली एक. मग एक कमांड द्यायची. मी ती दिली. डेटाबेस उघडून दाखवला. तिथे दाता नावाचं रिकामं टेबल तयार होतं, एकेका ओळीचा एकेक रकाना झालेला.

चाचा वाकून बघत राहिले. "म्हणजे दाता कसा असतो ते तू सांगितलंस, आणि त्याने लगेच जागा केली?"

"हो."

"सुभानल्ला," ते हळूच म्हणाले. चेष्टेत नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले. मला त्यांचं तेव्हा जरा आश्चर्यच वाटलं. कॉलेजात असं टेबल झालेलं बघून कोणी मान वर केली नव्हती.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण यात एक चूक आहे. रक्तगट दात्याच्या घरात कशाला ठेवलास?"

"मग कुठे ठेवू? रक्त त्याचंच आहे."

"रक्त त्याचं. गट आपण म्हणतो. अमुक दिवशी, अमुक माणसाने, अमुक औषध घालून पाहिलं, आणि म्हटलं ‘ए’. उद्या दुसरा पाहील, वेगळं म्हणेल. तू ते दात्याच्या कपाळावर गोंदून टाकतेस."

मी वाद घातला, पण मॅडमनी त्यांचीच बाजू घेतली. शेवटी मी ‘चाचणी’ नावाचा दुसरा क्लास लिहिला. प्रत्येक चाचणी एका दात्याशी जोडलेली; दाता एक, चाचण्या कितीही. त्या क्लासमध्ये चाचांनी पाच रकाने सांगितले. दात्याच्या रक्तपेशींवर ए आणि बी ओळखणारी दोन औषधं घालून पाहायचं, गाठी धरतात का. मग उलटं, दात्याच्या रक्तातलं पाणी घ्यायचं आणि ते ए, बी आणि ओ गटाच्या पेशींवर घालून पाहायचं. गाठी धरल्या तर अधिक, नाही तर वजा. जुन्या रजिस्टरांत ही पाचही चिन्हं हाताने लिहिलेली होती, आणि त्यांच्यापुढे छापील ए, बी, एबी, ओ यांपैकी एकाभोवती गोल.

शेवटचा रकाना ओ पेशींचा. त्यात कोणाच्याच रक्ताने गाठी धरायला नकोत. म्हणूनच तो कायम वजा. आणि म्हणूनच मी क्लासमध्ये त्या ओळीपुढे दोन शब्द जास्तीचे लिहिले होते, काहीच सांगितलं नाही तर वजा समज. बावीस हजार ओळी भरायच्या होत्या. चाचा वाचणार, मी टायपणार. बावीस हजार वेळा एक कळ कमी.

"चाचा, फरक काय पडतो?" मी त्या दिवशी विचारलं.

"नाही, आणि पाहिलंच नाही, यांत काही फरक नाही?"

"इथे तरी नाही."

ते उठले, गॅलरीत गेले. मला वाटलं चहा प्यायला गेले. पाच मिनिटांनी परत आले, रजिस्टर पहिल्या पानावर उघडलं आणि म्हणाले, "सुरुवातीपासून घेऊ."

"चाचा, अकराशे ओळी झाल्यात!"

"अकराशेच झाल्यात."

मी मॅडमकडे गेले. मॅडम सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या, "ते म्हणतात तसं कर."

रागारागात मी ते दोन शब्द काढून टाकले. आता त्या रकान्यात काहीच नसेल तर तो रिकामा राहायचा आणि प्रोग्राम ती ओळ पुढे सरकूच द्यायचा नाही. टेबल काढून नवं केलं, अकराशे ओळी पुसल्या गेल्या, क्रमांक पुन्हा एकपासून. चाचांनी पुन्हा वाचायला घेतलं. "ए नाही. बी नाही. ए पेशी आहे. बी पेशी आहे. ओ पेशी नाही." त्यांचा आवाज एकसुरी, न थांबणारा, देवळातल्या पोथीसारखा. मी त्या आवाजावर तंद्रीत बोटं चालवायची. अधूनमधून "ओ पेशी आहे" असंही यायचं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी दचकून पाहिलं.

"थंडीतलं शिबिर असेल," चाचा म्हणाले. "गारठ्याने कधी कधी कुणाचंही रक्त गाठी धरतं. खरं नसतं ते. लिही तू."

खरं नसेल तर लिहायचं कशाला, हे मी विचारलं नाही. विचारण्यात अर्थ नव्हता.

नोव्हेंबरच्या अखेरीस काम संपलं. मी पुण्यात दोन ठिकाणी अर्ज टाकले.

डिसेंबरातल्या एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला समोरच्या प्रसूतिगृहातून रक्ताचा नमुना आला. अस्मिता निवाते, वय चोवीस, पहाटे बाळंत झालेली, मुलगी झाली होती, रक्तस्राव थांबवला होता पण अंगात रक्त उरलं नव्हतं. हिमोग्लोबिन चारच्याही खाली. गट ओ पॉझिटिव्ह, दोन पिशव्या हव्यात. नमुना घेऊन तिचा नवराच आला होता. लुंगीवर स्वेटर, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

फ्रीजमध्ये ओच्या अकरा पिशव्या होत्या. कोणतीही पिशवी देण्याआधी तिच्यातलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहतात. पहिली जुळली नाही. दुसरी नाही. अकराच्या अकरा नाहीत.

"नमुना बदलला असेल," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा मागवा."

पुन्हा आला. पुन्हा तेच.

मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. चाचांनी एक परीक्षानळी उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी फ्रीजच्या सगळ्यात मागच्या कप्प्यातून एक छोटी बाटली काढली. एक थेंब. दोन मिनिटं. त्यांनी नळी मॅडमना दिली. मॅडमनी पाहिली आणि स्टुलावर बसल्या.

"बॉम्बे," चाचा म्हणाले.

मला काही कळेना. मॅडमनीच सांगितलं. ओ गटाच्या पेशींवरही एक पदार्थ असतो, एच नावाचा; त्या छोट्या बाटलीतलं औषध तोच ओळखतं. तो जवळजवळ सगळ्या माणसांत असतो. दहा हजारांत एखाद्यात नसतो. असा माणूस साध्या तपासणीत ओच दिसतो. पण त्याला ओचं रक्त चढवलं तर त्याचं शरीर ते रक्त फोडून टाकतं. त्याला चालतं फक्त त्याच्यासारख्याचंच. हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून त्याचं नाव बॉम्बे.

मुंबईला फोन झाला. एक पिशवी होती. ती गाडीत बसून निघाली तरी संध्याकाळ. समोरून प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा आवाज मॅडमच्या कानापासून माझ्यापर्यंत येत होता. "संध्याकाळपर्यंत मी नाही धरू शकत तिला."

"आपल्याकडे एखादा असेल का दाता?" मॅडमनी चाचांना विचारलं. "पंधरा वर्षांत?"

"असेल तर तो ओ म्हणूनच लिहिलेला असणार," चाचा म्हणाले. "ओचे आठ हजार आहेत." आणि मग ते माझ्याकडे वळले. "समिधा. पेशींवर दोन्ही औषधं वजा. पण ओ पेशी अधिक. असे किती?"

मी खुर्चीत बसले. त्याच क्लासला विचारायचं होतं, चाचणी, जिथे ए नाही, बी नाही, ओ पेशी आहे. एक ओळ. मी ती दोनदा चुकीची लिहिली. तिसऱ्यांदा कळ दाबली.

बावीस हजार ओळी. डोळ्याचं पातं लवेपर्यंत उत्तर आलं.

चार.

माझ्या मागे चाचा आणि मॅडम उभे होते. गॅलरीतून रस्त्यावरचा एसटीचा भोंगा ऐकू आला. दीड महिना मी ती चिन्हं टायपत होते, आणि मला वाटत होतं मी रजिस्टर उतरवून काढतेय. त्या ढिगात हे चार जण पंधरा वर्षं तसेच पडून होते, ओ म्हणून गोल केलेले. त्यांना कोणी शोधलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. आणि विचारायची सोय आत्ता, गेल्या महिन्यात झाली होती.

"एकेक उघड," चाचा म्हणाले.

पहिल्या दात्याच्या नावाखाली आणखी सहा चाचण्या निघाल्या. सगळ्यांत ओ पेशी वजा. "हा गारठा," चाचा म्हणाले. "सोड." दुसऱ्याचंही तसंच. तिसरे खेर्डीचे एक शिक्षक, चाचांच्या माहितीतले. ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. चौथी चाचणी जानेवारी नव्व्याण्णवची, गुहागरच्या शिबिरातली. कुमारी प्रमिला रामचंद्र भुवड. वय एकोणीस. एकच चाचणी. पाचही चिन्हं व्यवस्थित. गावाचं नाव, फोन नाही.

"लग्न झालं असेल," मॅडम म्हणाल्या. "नाव बदललं असेल. कुठे शोधायची?"

चाचा फोनपाशी गेले. गुहागरात त्यांचा एक मावसभाऊ मासळीचा व्यापार करायचा. त्याने गावच्या पोलीस पाटलाचा नंबर दिला. पाटील म्हणाले, "रामा भुवडाची पोर ना? तिचा भाऊ दिनेश रिक्षा चालवतो इथंच. नाक्यावर असेल, थांबा." मग बराच वेळ फोनमधून नुसता कोंबड्यांचा आवाज. मग एक दमलेला, घाबरलेला आवाज, "ताईला काय झालंय?"

"तिला काही नाही झालं बाळा," चाचा म्हणाले. "तिच्याकडे एक वस्तू आहे. ती आम्हाला हवी आहे."

प्रमिला मार्गताम्हान्याला दिलेली होती. गुहागरहून येताना वाटेवरच. दीड वाजता दिनेशची रिक्षा पेढीच्या फाटकात शिरली.

तिला पाहिलं आणि मला का कोण जाणे, आधी भीतीच वाटली. तेहतीस-चौतीस वर्षांची, सावळी, कणखर हाडापेराची बाई. शेतातून थेट आली होती, पायाला चिखल, पदर कमरेला खोचलेला. ती जिना चढून आली आणि म्हणाली, "मला एकदा पाणी द्या." मी दिलं. ती घटाघटा प्यायली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. दहा हजारांतली एक. आणि तिला माहीतच नाही.

"तुम्हाला कधी रक्त चढवलंय?" मॅडमनी विचारलं.

"नाही. धाकट्याच्या वेळी चढवायचं म्हणत होते. मग म्हणाले राहू दे, गोळ्यांवर भागेल."

मॅडम आणि चाचांनी एकमेकांकडे पाहिलं.

पडताळणी झाली. बॉम्बे, पॉझिटिव्ह. बाकीच्या तपासण्याही ठीक आल्या. अस्मिताच्या रक्ताशी जुळवून पाहिलं तेव्हा चाचांनी नळी उजेडात धरली, हलवली, आणि नळीतलं रक्त स्वच्छ, एकसंध फिरलं. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी जुळलं होतं.

प्रमिला पलंगावर आडवी झाली. दंडातून नळीत, नळीतून पिशवीत रक्त उतरू लागलं. इतर कोणाच्याही रक्तासारखंच दिसत होतं ते.

अस्मिता निवाते वाचली, हे इथेच सांगून टाकते. तिची मुलगी आता सातवीत आहे.

पिशवी भरत असताना मी प्रमिलाची नवी चाचणी नोंदवायला बसले. तिचं नाव उघडलं. जुन्या चाचणीची ओळ समोर आली. तिच्या आधी, डाव्या कोपऱ्यात, डेटाबेस आपसूक देतो तो क्रमांक होता. घाईघाईत सकाळी मी तो पाहिला नव्हता.

सातशे चाळीस.

मी तो आकडा तीनदा वाचला. पहिल्या अकराशेंतला. चाचांनी परत वाचायला लावलेल्या, मी चडफडत पुसून पुन्हा भरलेल्या अकराशेंतला. पहिल्या वेळी जेव्हा मी ही ओळ भरली होती, तेव्हा त्या रकान्यात वजा होतं. चाचांनी ‘ओ पेशी आहे’ म्हटलंही असेल, पण मी तोवर पुढच्या ओळीवर गेलेली असणार. माझ्या दोन शब्दांनी या बाईला बावीस हजारांत कायमचं बुडवलं होतं, आणि मी वेळ वाचवल्याच्या खुशीत होते.

चाचा मागून आले. मी आकड्यावर बोट ठेवलं.

त्यांनी पाहिलं. त्यांना कळलं. कपाटाशी गेले, पहिलं रजिस्टर काढलं, ते पान शोधलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पाच चिन्हं निळ्या शाईत. शेवटचं अधिक. पुढे ओभोवती गोल. आणि त्यापुढे सही.

"कोणाची आहे?" मी विचारलं.

"वाच ना."

मी वाचली. इ. म. परकार.

"जानेवारी होता," चाचा म्हणाले. "कॉलेजच्या पटांगणात मांडव, वारा सुटलेला. मला वाटलं, गारठा. फॉर्मवर चारच अक्षरं होती. पाचवं काही छापलेलं नव्हतं. मी ओला गोल केला." त्यांनी रजिस्टरवरून हात फिरवला. "ही मुलगी चौदा वर्षं माझ्या त्या गोलात राहिली. दोन बाळंतपणं झाली तिची. त्या दिवशी कोणी ओची पिशवी लावली असती, तर..."

"पण तुम्ही अधिक लिहून ठेवलंत, चाचा."

"पुसलं नाही," ते म्हणाले. "एवढंच केलं. दिसलं होतं, ते पुसलं नाही."

मी तोवर समजत होते की क्लास म्हणजे माणसं ठेवायचे खण. जसे आखू तसे. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की खण आखतानाच आपण ठरवून टाकतो, कोण सापडेल आणि कोण कधीच सापडणार नाही.

पिशवी समोर गेली. प्रमिलाला चहा-बिस्किटं दिली. ती उठून बसली, आणि मला म्हणाली, "माझं नाव कुठं लिहिलंय ते दाखव बघू."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने पदराने हात पुसला, मग बोट न टेकवता हवेतच नावाखालून फिरवलं. प्रमिला रामचंद्र भुवड. "माहेरचं नाव," ती म्हणाली. "कोणी म्हणत नाही आता." मग विचारलं, "असे आणि किती आहेत?"

"आमच्याकडे तुम्ही एकट्याच."

"हे घराण्यात येतं का?"

चाचा आतून नळ्या धूत होते, ते थांबले. "आईबाप दोघांकडूनही यावं लागतं. भावंडांत असण्याचा संभव चारांत एक."

"मग माझ्या भावाचंही बघा की," प्रमिला म्हणाली. "आल्यापासून खाली रिक्षात बसलाय तो. कुणी त्याला वर बोलावलंच नाही."

मी गॅलरीत धावले आणि हाक मारली. दिनेश वर आला. तिशीचा गडी, सुईकडे बघून घामाघूम झालेला. प्रमिलाने त्याचा हात धरून ठेवला. चाचांनी त्याचं रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं, वरचं पिवळसर पाणी काढलं. मग मला बोलावलं.

"ये. आज तू बघ."

पांढऱ्या टाइलवर त्यांनी ते पाणी टाकलं, त्यात ओ पेशींचा लाल थेंब सोडला, काडीने कालवलं आणि टाइल हळूहळू डावीउजवीकडे कलती करू लागले. थेंब एकसारखा लाल होता. मी वाकून बघत होते. मग त्याच्या कडेला बारीक कणी धरली. मग मध्यावर. आणि बघता बघता तो सगळा थेंब फाटत गेला, लाल लाल दाणे एकीकडे, स्वच्छ पाणी एकीकडे. बावीस हजार ओळींत मी अधिक-वजा लिहिलं होतं, आणि अधिक असं दिसतं हे मला माहीत नव्हतं.

"काय दिसतं?" चाचांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "ओ पेशी आहे."

मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "दुसरी पिशवीही लागणारच आहे," त्या म्हणाल्या.

दिनेशने आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग त्या टाइलकडे. आपल्यात काय सापडलं ते त्याला अजून नीटसं कळलं नव्हतं. तो शर्टाची बाही दुमडता दुमडता थांबला आणि म्हणाला, "मग पाच मिनिटं द्या. रिक्षा फाटकात आडवी लागलीय, बाजूला घेऊन आलोच."